पप्पा गेल्यापासून घरची प्रार्थना बंद पडली, परत कशी सुरू करू?

सदरवाली

सगळ्यांना सलाम. इथे खूप दिवसांपासून नुसती वाचून राहिली आहे, लिहायची हिंमत आज झाली. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

आमचे पप्पा ऑगस्टमध्ये गेले. रात्री जेवून झोपले, पहाटे मम्मीने आवाज दिला तर उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले अटॅक, झोपेतच. आजारी वगैरे काहीच नव्हते हो, आदल्या दिवशी स्वतः गाडी काढून गोकुळपेठेत भाजी आणायला गेले होते आणि वांगी जास्त आणली म्हणून मम्मीची बोलणी खाल्ली. रेल्वेत होते, अजनीच्या लोको शेडमध्ये सगळी नोकरी गेली, रिटायर होऊन जास्त दिवस नव्हते झाले. आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, ऑल सेंट्स चर्चला जातो. पप्पांना त्या चर्चचा फार अभिमान, कोणी बाहेरगावचा पाहुणा आला की सांगायचेच की २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन सीएनआय बनलं ते इथेच, आपल्या नागपुरात, आणि माझे बाबा त्या दिवशी तिथे उभे होते.

तर आमच्याकडे रोज रात्री जेवणाच्या आधी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. मी लहान होती तेव्हापासून, परीक्षा असो, पाहुणे असो, इंडियाची मॅच असो. एक गीत, एक स्तोत्र, आणि मग पप्पा एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. सगळ्यांचं म्हणजे खरंच सगळ्यांचं, आमचा दूधवाला, समोरच्या घरच्या काकूंचा गुडघा, शेडमधला जुना हेल्पर ज्याचा मुलगा दारू पितो, तो पण त्यात यायचा. भाजी थंड होऊन जायची आणि आम्ही दोघं भाऊ बहीण डोळे मिटून एकमेकांना कोपर मारायचो.

ते सगळं बंद आहे आता. दफनविधी झाला, महिन्याची प्रार्थनासभा झाली, तोपर्यंत मंडळीतले लोक येऊन राहिले होते तर घर भरलेलं होतं. त्यानंतर कोणी "चला प्रार्थनेला बसा" म्हणतच नाही. मम्मी स्वयंपाकघरात एकटीच ओठ हलवत असते. भावाने चर्चच सोडलं, तो म्हणतो ज्यांनी जन्मभर एवढी भक्ती केली त्यांना असं उचलून नेलं तर मग काय उपयोग. आणि मी मधेच. माझा विश्वास गेला असं नाही, रविवारी जाते, गाणी म्हणते, पण घरी बसली की एक शब्द निघत नाही तोंडातून. पप्पांचं बायबल टेबलवरच आहे, रेक्झिनचं चेनवालं कव्हर. त्यांची सवय होती, घरात काही झालं की त्या दिवशीच्या वचनाजवळ पेन्सिलने बारीक तारीख टाकायचे. माझा बारावीचा रिझल्ट, भावाचा डेंग्यू, मम्मीचं ऑपरेशन. मी उघडते, एखादी तारीख दिसते, आणि चेन लावून ठेवून देते.

लोक म्हणतात देवाची इच्छा होती, रडू नकोस, रडणं म्हणजे विश्वास कमी आहे. कुणी म्हणतं विश्वासातून बळ मिळतं. मला खरंच विचारायचं आहे की ते मिळतं कसं? ज्यांचे वडील गेले आहेत आणि जे विश्वासात टिकून आहेत त्यांनी नेमकं केलं काय? आणि आता ख्रिसमस येऊन राहिला, घरोघरी ख्रिसमसची गाणी म्हणणारे कॅरलवाले येतील, ते सगळं पप्पाच बघायचे. मला तर डिसेंबर नकोच वाटतो.

मेकोसाबागची मावशी

बेटा, सगळ्यात आधी एक सांगते, रड. भरपूर रड. ज्यांनी तुला रडणं म्हणजे विश्वास कमी म्हटलं ना त्यांना योहानाचा अकरावा अध्याय वाचायला सांग. येशूचा मित्र लाजर मेला, त्याच्या बहिणी मार्था मरिया रडून राहिल्या, आणि येशूला पक्कं माहीत होतं की आपण थोड्या वेळात याला कबरेतून उठवणार आहोत. तरी तो रडला. आता बोल, ज्याला पुढचं सगळं माहीत आहे तोच रडतो तर आपण कोण?

माझे वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होती. आम्ही मेथडिस्ट, घरी अशीच प्रार्थना असायची. माझंही तोंड उघडायचं नाही. तेव्हा आमच्या पाळकीणबाई यायच्या, त्या काही समजावत नव्हत्या, बसायच्या आणि म्हणायच्या की तू काही बोलू नकोस, आज आपण दाविदाचं उसनं घेऊ. आणि एक स्तोत्र मोठ्याने वाचून, आमेन म्हणून, चहा पिऊन निघून जायच्या. मला तेव्हा नीट कळलं नव्हतं पण आता कळतं की त्यांनी मला किती मोठी गोष्ट दिली. आपले शब्द संपले की प्रार्थना संपली असं नसतं बेटा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात २६ वं वचन आहे, त्यात हेच आहे की आपण कशासाठी आणि कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी कण्हतो, आणि त्या कण्हण्याला शब्द नसतात. म्हणजे तू टेबलासमोर गप्प बसतेस ना, ते पण तिकडे पोहोचतं.

आणि स्तोत्रांमध्ये तेविसावं सध्या राहू दे. ते सुंदर आहे पण दफनाच्या वेळी, सभेत, फोनवर सगळीकडे तेच ऐकून झालं असेल तुझं. तू १३ वाच, ४२ वाच, ७७ वाच, ८८ वाच. तेरावं सुरूच होतं की देवा तू मला कुठवर विसरणार म्हणून. आणि ८८ तर असं आहे की त्यात शेवटपर्यंत उजेडच येत नाही, अंधारावरच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. मला या गोष्टीने जेवढा धीर दिला तेवढा कोणत्या गोड वचनाने नाही दिला.

घरची प्रार्थना पप्पांसारखी चालवायला जाऊ नको. गीत नको, नावं नकोत. तू आणि मम्मी, एक स्तोत्र, आमेन, जेवायला बसा. बस.

जरीपटका बॉय

ताई मी कॅथलिक आहे, आमचा पॅरिश वेगळा, रिवाज वेगळे, तरी लिहून राहिलो कारण माझे डॅडी दोन वर्षांआधी गेले आणि तुमची पोस्ट वाचून पोटात कसंतरी झालं.

आमच्याकडे २ नोव्हेंबरला सगळे मृतांचा दिवस पाळतात, कब्रस्तानात कबरी धुवून, फुलं लावून, मेणबत्त्या पेटवून, फादर येऊन आशीर्वाद देतात. तुमच्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत हे माहीत आहे मला, त्या वादात नाही जात. मला एवढंच सांगायचं की पहिल्या वर्षी मी तिथे गेलो तर बाजूच्या कबरीजवळ एक म्हातारे अंकल होते, आणि त्यांनी मला डॅडींबद्दल विचारलं. कसे होते, काय काम करायचे, काय खायला आवडायचं. आणि मी बोलतच सुटलो. घरी सगळे एकमेकांना त्रास नको म्हणून नावच काढत नव्हते ना. तुमच्या घरी पण तेच चालू असेल असं वाटतं. मम्मी स्वयंपाकघरात, तुम्ही हॉलमध्ये, भाऊ खोलीत, आणि तिघांच्या डोक्यात एकच माणूस.

दुसरं, मिस्साला, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेला, मी काही महिने नुसता उभा राहायचो. फादरना सांगितलं की मला काही वाटतच नाही, तर ते म्हणाले नको वाटू दे, मिस्सा तुझ्या वाटण्यावर चालत नाही, तू ये फक्त. ते वाक्य मी धरून बसलो.

आणि संत जोसेफ, येशूच्या आईचा, मारियाचा नवरा. ही गोष्ट खूप लोकांच्या लक्षात येत नाही. येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात सापडतो तिथपर्यंत जोसेफ सोबत आहे, त्यानंतर तो कुठेच दिसत नाही. काना गावच्या लग्नात मारिया आहे, तो नाही. क्रूसावर येशू आईला शिष्याच्या हवाली करतो, जोसेफ असता तर कशाला केलं असतं. शास्त्रात स्पष्ट लिहिलं नाही पण आमच्यात जुनी श्रद्धा आहे की तो आधीच गेला होता, येशू आणि मारिया जवळ असताना, म्हणून चांगल्या मरणासाठी लोक जोसेफला विनवतात. म्हणजे बघा ना, येशूने सुद्धा घरातला तो माणूस गमावला, त्याची हत्यारं उचलली, आईला सांभाळलं. मी रात्री प्रार्थना करतो तेव्हा हे डोक्यात असतं की ज्याच्याशी बोलतो त्याला हे सगळं माहीत आहे, ऐकून नाही, घरात घडलेलं म्हणून.

जुना मास्तर

बेटा, मी संडे स्कूल शिकवलं बरीच वर्षं, पाळक नाही. वर मावशींनी लिहिलं ते सगळं बरोबर. मला "देवाची इच्छा" यावर बोलायचं आहे कारण या दोन शब्दांनी चांगल्या चांगल्या लोकांना विश्वासापासून तोडलेलं मी बघितलं आहे, आणि तुझ्या भावाचं दुखणं मला तिथेच दिसतं.

पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटलं आहे. शत्रू! देवाचा पाहुणा नाही, देवाचा निरोप्या नाही. जो शत्रू आहे आणि जो नाहीसा केला जाणार आहे, त्याच्या कामाला आपण उठून देवाची सही लावतो आणि वर रडणाऱ्या पोरीला गप्प बसवतो, हे मला कधीच पटलं नाही. पप्पा प्रभूच्या हातात आहेत हे मी पूर्ण विश्वासाने म्हणतो. पण त्यांचं जाणं चांगलं झालं असं म्हणायची जबरदस्ती तुझ्यावर कोणी करू शकत नाही. आणि थेस्सलनीकाकरांस पत्रातलं ते वचन लोक अर्धंच सांगतात. ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही खेद करू नये, असं आहे ते. आशा ठेवून खेद करा, एवढाच त्याचा अर्थ.

ईयोबाचे मित्र आठव, बायबलमधला तो भला माणूस ज्याच्यावर एकामागून एक संकटं आली. आले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोललं नाही. तिथपर्यंत ते खरे मित्र होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथून बिघडलं.

आता तुझा मुख्य प्रश्न, बळ मिळतं कसं. मार्काच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात तो पक्षघाती माणूस आहे ना, ज्याला चौघं खाटेवर घेऊन आले आणि गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उघडून खाली सोडला. तिथे शब्द असे आहेत की येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला म्हटलं. त्यांचा. खाटेवरच्या माणसाने काही केलं, काही बोलला, असं तिथे एक अक्षर नाही. मला वाटतं बापाच्या मरणानंतर माणूस त्या खाटेवरच असतो, आणि बळ म्हणजे आपल्या आतून एकदम काहीतरी उसळून येईल अशी वाट बघत बसला तर वर्ष निघून जातं. चौघं कोण आहेत ते शोध. तुझी मम्मी आहे, पुटपुटते म्हणतेस ना, ती तुला धरूनच आहे. मंडळीतले दोघं तिघं असतील. त्यांना स्पष्ट सांग की मला प्रार्थना जमत नाही, तुम्ही आमच्या घरी येऊन करा, आठवड्यातून एक वार ठरवा. लोकांना यायचं असतं पण महिना झाल्यावर संकोच वाटतो, आता कशाला पुन्हा जखम उघडायची म्हणून.

आणि एक नाव सांगतो, पंडिता रमाबाई. १८७४ च्या दुष्काळात फिरस्तीवर असताना त्यांचे वडील गेले, पाठोपाठ आई, बहीण. त्या अजून मुलगीच होत्या हो, जेमतेम सोळाच्या. प्रभूची ओळख कितीतरी वर्षांनी झाली. आणि आयुष्याच्या शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या वेळी मूळ भाषांवरून मराठी बायबलचं भाषांतर चालू होतं, ते त्यांनी सोडलं नाही, पूर्ण करत आणलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. छापलेलं बायबल १९२४ मध्ये आलं. हे मी तुला "बघ त्या किती खंबीर" म्हणून नाही सांगत. त्यांना काय काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना. मला एवढं दिसतं की त्या रोज त्या टेबलाशी बसत राहिल्या.

इंदोऱ्याचा शेजारी

मी ख्रिश्चन नाही, बौद्ध आहे, सर्च करता करता इथे आलो. मास्तर म्हणतात ते लोकांनी घरी येण्याचं खरं आहे. माझे बाबा गेले तेव्हा आमच्या गल्लीतले एक ख्रिश्चन काका रोज संध्याकाळी यायचे, धर्माचं एक अक्षर नाही बोलायचे, बाबांच्या खुर्चीच्या बाजूला बसून पेपर वाचायचे. तुमच्या पप्पांनी ज्यांची नावं घेतली, तो दूधवाला, त्या काकू, तो हेल्पर, त्यांना माहीत आहे का की तुमच्या घरात रोज त्यांचं नाव निघत होतं? सांगून बघा त्यांना. मला कोणी असं सांगितलं असतं तर मी जन्मभर विसरलो नसतो.

नाईट ड्युटी

मी नर्स आहे, विश्वासी पण आहे, दोन्ही बाजूने लिहिते.

ताई, ऑगस्ट ते आता म्हणजे काहीच वेळ नाही झाला. रडू येणं, काही न वाटणं, मधेच राग, पप्पांचा आवाज आल्यासारखा वाटणं, हे सगळं नॉर्मल आहे. पण झोप महिना महिना लागत नाही, जेवण तुटलं, काम जमत नाही, आपणही जावं असे विचार येतात, तर मग फक्त प्रार्थनेवर सोडू नका, डॉक्टरला दाखवा. शोक वर्ष उलटूनही तेवढाच तीव्र राहिला आणि माणूस रोजच्या जगण्यातून उठलाच तर त्याला आता वेगळा आजार म्हणून बघतात आणि त्याची ट्रीटमेंट आहे. टेली मानस म्हणून सरकारची फ्री हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी पेशंटच्या नातेवाइकांना नेहमी हा नंबर देते. काही विश्वासी लोक गोळी घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नाही असं समजतात, त्यांना मी सांगते की शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

आणि मम्मीकडे लक्ष द्या. मुलांसमोर धरून ठेवणाऱ्या बायका मी रोज बघते. शुगर बीपी चेक केलं का एवढ्यात? पप्पा गेल्यापासून त्या नीट जेवतात का, की तुम्हाला वाढून "मी नंतर खाते" चाललं आहे? हे बघणं पण प्रार्थनाच आहे माझ्या मते. आणि भावाने चर्च सोडलं म्हणता तर त्याच्याकडेही बघा, मुलगे बोलत नाहीत.

सदरवाली

सगळ्यांचे खूप आभार, मी किती वेळा वाचलं सांगू नाही शकत. मम्मीला पण वाचून दाखवलं, संत जोसेफवालं ऐकून ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली, मग आम्ही दोघी रडलो. तिला डॉक्टरकडे नेऊन आणलं, बीपी वाढलेलं निघालं, गोळी सुरू केली. नर्सताई तुमच्यामुळे.

आता एक सांगायचं आहे. मावशी, तुम्ही म्हटलेली स्तोत्रं मी पप्पांच्याच बायबलमधून वाचायचं ठरवलं. १३ आणि ४२ झालं, तिथे काही खुणा नव्हत्या. ७७ काढलं तर चौथ्या वचनाजवळ तारीख होती, जुनी, पेन्सिल पार पुसट झालेली. मी मम्मीला दाखवली तर ती म्हणाली अगं ही तर आजोबा गेले ती तारीख. आणि ते वचन काय आहे तर मी इतका व्याकूळ झालो आहे की माझ्याने बोलवत नाही. मावशी, माझे पप्पा! ज्यांची प्रार्थना संपता संपत नव्हती! मला कायम वाटायचं की त्यांना ते जन्मापासून येत होतं आणि मला येत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. मम्मीला विचारलं तर तिने सांगितलं की आजोबा गेल्यावर कितीतरी दिवस घरची प्रार्थना तीच चालवायची, पप्पा नुसते बाजूला बसायचे. आम्ही तेव्हा झालो पण नव्हतो. मम्मीने हे कधी सांगितलंच नव्हतं, आणि मी पण कधी विचारलं नव्हतं की पप्पांच्या आधी कोण होतं.

तर आता मम्मी चालवून राहिली आहे. एक स्तोत्र आणि आमेन. काल तिने शेवटी समोरच्या काकूंच्या गुडघ्याचं नाव घेतलं. मी अजून काही बोलत नाही, बसते.

भाऊ येत नाही. जेवायला येतो, प्रार्थना झाली का विचारतो आणि झाल्यावरच खोलीतून निघतो. त्याचं काय करू? आणि कॅरलवाल्यांना काय सांगू, मंडळीतून फोन आला होता की तुमच्याकडे या वर्षी यायचं की नाही.

मेकोसाबागची मावशी

पेन्सिलचं वाचून मी माझ्या मिस्टरांना बोलावून वाचायला लावलं. तुझ्या मम्मीला माझा सलाम सांग, बाई मोठी आहे.

कॅरलचं असं कर. काही घरांमध्ये पहिल्या वर्षी काहीच करत नाहीत, कोणी सगळं करतं, दोन्हीत चूक काही नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी आईने करंज्या अनारसे काही केलं नाही, नवे कपडे नाही, पण तारा लावला, कारण तारा आपल्या आनंदासाठी नसतो, प्रभू जन्मला त्यासाठी असतो आणि ते तर झालेलंच आहे ना. कॅरलवाल्यांना म्हण, या, ढोलक नको, एकच गाणं, शांत रात्रीचं वगैरे जे मम्मीला चालेल ते, आणि चहापाण्याला थांबू नका. ते समजतील. गर्दी सोसणार नाही असं त्या दिवशी वाटलं तर सरळ सांग की आज नको. चोवीसच्या रात्रीच्या उपासनेला मात्र जा, मागच्या बाकावर बसा म्हणजे मधेच उठावंसं वाटलं तर उठता येतं. मम्मीला शाल घे, त्या रात्री नागपूरची थंडी काय असते तुला माहीत आहे. तारा वर चढून लावायचं काम भावाला सांग, चर्चचं काम म्हणून नाही, उंची आहे म्हणून.

परत आलेला

भावाबद्दल मी लिहितो, कारण मी तोच भाऊ आहे. म्हणजे तुमचा नाही, पण तसाच.

माझे बाबा गेल्यावर मी चर्च सोडलं, वर्षानुवर्षं. मंडळीतले लोक भेटायला यायचे आणि मला वचनं सांगायचे, मी अजून लांब जायचो. माझ्या बहिणीने मला एकदाही चर्चला चल म्हटलं नाही. ती फक्त म्हणायची आईला सोडून दे आणि घ्यायला ये. मी सोडायचो आणि बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघायचो, आतून गाण्याचा आवाज यायचा, बाबांच्या आवडीचं गाणं लागलं की गाडी काढून चक्कर मारून यायचो. असं खूप चाललं. मग एका रविवारी आत जाऊन बसलो, का गेलो ते आजही मला सांगता येत नाही. कोणी वळून बघितलं नाही, कोणी "बरं झालं आलास" म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्या लोकांचा आजही आभारी आहे.

तुमचा भाऊ रागात आहे म्हणजे देवाला सोडून गेला असं समजू नका. जो नाहीच त्याच्यावर कोणी एवढं रागावत नाही. मास्तरांनी ईयोब सांगितला, त्याचा शेवट पण बघा, बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या शहाण्या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याबद्दल बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. आणि ईयोब काय बोलला होता? भांडला होता, ओरडला होता, माझा जन्मच कशाला झाला म्हणाला होता. देवाने त्याला जवळ केलं. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी आत बसून भांडलो असतो, बाहेर बसून नाही.

तो प्रार्थना झाली का विचारून मगच जेवायला येतो म्हणता, तर त्याला रोज माहीत असतं ती किती वाजता होते. तेवढं राहू द्या. त्याचं ताट सोबत लावा, प्रार्थनेत त्याचं नाव त्याला ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्याने घेऊ नका, आणि पप्पांच्या खुणेचं पान त्याला दाखवा, पण काही न सांगता, तारीख त्याला स्वतः वाचू दे.

आणि त्याला कोणाशी बोलायचं असेल तर मला इथेच मेसेज करा. मी रोज सदरवरूनच घरी जातो, शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो. चहा पिऊ, चर्चचं नाव मी काढणार नाही. त्याला क्रिकेट आवडतं का?

सदरवाली

खूप आवडतं. विचारते त्याला आणि मेसेज करते.